मनाची मोजपट्टी मराठीत कशी आली?

१/
अमरावतीच्या राजापेठेतून इर्विन रुग्णालय फार दूर नाही. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या तपासणीसाठी मुलांना घेऊन फिरणाऱ्या पालकांच्या कानांवर तीन नावे हमखास पडत आली आहेत : बीकेटी, मिसिक आणि व्हीएसएमएस. पहिल्यातील ‘के’ म्हणजे व्ही. व्ही. कामत. दुसऱ्यातील ‘एम’ म्हणजे नागपूरचे आर्थर मॅलिन. तिसऱ्या चाचणीची भारतीय आवृत्तीही मॅलिन यांनी नागपुरातच घडवली. मन मोजण्याचे शास्त्र युरोपात जन्मले. त्याची भारतातील सर्वाधिक वापरली गेलेली साधने मात्र मराठी मुलखाच्या आसपास तयार झाली. हा धागा त्या प्रवासाचा.

२/
मनाचा विचार प्राचीन आहे. आपल्याकडे सांख्य, न्याय आणि योग या दर्शनांनी तो सूक्ष्मपणे केला. एकोणिसाव्या शतकात बदलली ती पद्धत. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. आवाज ऐकू येताच कळ दाबायची आणि मधला काळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचा, असे तिथले प्रयोग. तोच प्रयोग त्याच परिस्थितीत दुसऱ्या कोणालाही करून पाहता यावा, या अटीमुळे मानसशास्त्र तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळे निघाले.

३/
ही परंपरा भारतात लवकर पोहोचली. वुंट यांचे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग अमेरिकेत हार्वर्डला गेले. त्यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी कलकत्ता विद्यापीठात भारतातील पहिल्या मानसशास्त्र विभागाची धुरा सांभाळली. तिथे १९१६ मध्ये या विषयाचे स्वतंत्र अध्यापन सुरू झाले.

४/
पण प्रयोगशाळेतील घड्याळाने एका प्रश्नापुढे हात टेकले : शाळेत मागे पडणारे मूल ओळखायचे कसे? वुंट यांचेच विद्यार्थी जेम्स कॅटेल यांना वाटले, की प्रतिक्रियेचा वेग आणि इंद्रियांची तीक्ष्णता मोजली म्हणजे बुद्धी मोजली. १९०१ मध्ये क्लार्क विसलर यांनी कॅटेल यांच्या चाचण्यांतील आकडे कोलंबियातील विद्यार्थ्यांच्या गुणांशी ताडून पाहिले. दोहोंचा मेळ जवळजवळ बसलाच नाही. स्वतःच्या आवडत्या कल्पनेला असे आकड्यांनी खोडू देणे, हीच या नव्या विद्येच्या शास्त्र होण्याची खूण होती.

५/
उत्तर पॅरिसमध्ये सापडले. १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने वेगळ्या शिक्षणाची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी आयोग नेमला. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून कठीणाकडे जाणारे ३० प्रश्न रचले. त्यांत घड्याळ नव्हते, यंत्र नव्हते. होते ते रोजच्या जगण्यातील समजुतीचे प्रश्न. १९०८ मध्ये त्यांनी प्रश्न वयानुसार लावले आणि ‘मानसिक वय’ ही कल्पना रुजली. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, तिच्यात वाढ होत नाही, हे मत बिने यांना मुळीच मान्य नव्हते. चाचणीचा हेतू मुलाला मदत मिळावी, एवढाच होता.

६/
बिने १९११ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ मध्ये लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणले आणि ‘बुद्ध्यंक’ सर्वतोमुखी झाला. मदतीसाठी घडवलेली पट्टी अमेरिकेत काहींनी निवाड्यासाठी वापरली. कॅरी बक या तरुणीचे मानसिक वय नऊ वर्षांचे ठरवले गेले. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तीच पट्टी, हेतू उलटा.

७/
याच काळात ती भारतात उतरत होती. लाहोरमध्ये हर्बर्ट राइस यांनी तिचे हिंदुस्तानी रूप केले. पुढे तेव्हाच्या मुंबई प्रांतातील धारवाडला कामतांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ती नव्याने बेतली. हे काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४० मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक आले. बिने-कामत चाचणी ती हीच.

८/
‘बेतली’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण भाषांतराने हे काम भागत नाही. बिने यांच्या पट्टीत नाणी ओळखण्याचा प्रश्न होता. फ्रान्समधील सू इथे आणून काय उपयोग? इथल्या मुलाच्या मुठीत आणा-पैसा होता, आणि १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर तोही बदलला. त्याहून मोठी अडचण क्रमाची. पॅरिसमध्ये सात वर्षांच्या बहुतेक मुलांना जमणारा प्रश्न धारवाडच्या मुलांना सहाव्या वर्षी जमेल की आठव्या, हे खुर्चीत बसून कळत नाही. त्यासाठी मुलांनाच विचारावे लागते, एकेकाला समोर बसवून. शास्त्र इथे रुजले ते अशा चिकाटीने.

९/
१९६९ मध्ये मॅलिन यांनी वेक्स्लर यांच्या बालबुद्धिमापन चाचणीचे भारतीय रूप नागपुरात सिद्ध केले. तेच मिसिक. वऱ्हाडाला धारवाडपेक्षा नागपूर जवळचे. तरीही पुस्तकी मराठीतील ‘का?’ आणि घरातले ‘काहून?’ यांतले अंतर उरतेच. मूल अडखळले ते प्रश्नाला की प्रश्नाच्या भाषेला, हे ओळखणे अखेर समोर बसलेल्या माणसाच्या हाती असते.

१०/
पट्टी जुनीही होते. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की अनेक देशांत पिढीगणिक गुण वाढत गेले आहेत. अमेरिकेत दर दशकाला सुमारे तीन. म्हणजे जुन्या पिढीच्या सरासरीशी आजचे मूल ताडले, तर त्याचा अंक फुगलेला येऊ शकतो. साधारणपणे ७० च्या खालचा अंक बौद्धिक दिव्यांगत्वाकडे बोट दाखवतो. तेव्हा खरोखर मदतीची गरज असलेले मूल कागदावर रेषेच्या वर जाऊन बसण्याचा धोका असतो.

११/
हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्याखालील २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत बुद्ध्यंकासाठी बिने-कामत किंवा मिसिक आणि दैनंदिन व्यवहारकौशल्यासाठी व्हीएसएमएस, ही नावे होती. शिष्यवृत्ती, परीक्षेतील सवलत, निर्वाह भत्ता यांचा मार्ग अशा चाचण्यांवरून जातो. १९३४ मधील धारवाडच्या मुलांची उत्तरे एकविसाव्या शतकातील मुलांच्या वाट्याला अशी आली.

१२/
कामतांचे ऋण मान्य करूनच पुढचे काम दिसते. अमरावती जिल्ह्यातच मेळघाट आहे. तिथल्या कित्येक घरांत पहिली भाषा कोरकू. मराठीशी तिचे कूळही जुळत नाही. त्या मुलासमोर मराठी चाचणी ठेवणे म्हणजे मराठी मुलासमोर फ्रेंच पट्टी ठेवण्यासारखेच. धारवाडला जे घडले, ते पुन्हा घडावे लागेल : कोणीतरी मुलांसमोर बसावे, त्यांच्या भाषेत विचारावे आणि उत्तरे धीराने टिपून घ्यावीत.