वाटेवरचा मुलूख

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून आलं की डोंगर दिसेनासे होतात, कारण आपणच डोंगराच्या माथ्यावर असतो. बालाघाटाचं हे पठार असं फसवं. चौसाळ्याकडं जाताना सगळं रान सपाट वाटतं. पाण्याला मात्र उतार बरोबर कळतो. उत्तरेकडचा पाऊस बिंदुसरेतून सिंदफणेत आणि पुढं माजलगाव तालुक्यात गोदावरीला जातो. दक्षिणेकडचा मांजरेला लागतो. मांजराही शेवटी गोदावरीचीच, पण लातूर, बिदर असा वळसा घालून थेट तेलंगणात कंदकुर्तीला तिला भेटते. एकाच ढगाच्या पाण्याची ही भावकीतल्यासारखी वाटणी.

चौसाळ्याच्या पुढं पारगावला मांजरा ओलांडली की धाराशिव जिल्हा लागतो. पुलावरून नदी बघितली तर हिच्या जिवावर लातूरसारखं शहर आहे, यावर उन्हाळ्यात विश्वास बसत नाही. 2016च्या एप्रिलात धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पाण्याच्या बाबतीत जुन्यांची हिकमत मोठी म्हणायची. बीडच्या दक्षिणेला खजाना बावडी आहे, सोळाव्या शतकातली. मूर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं बांधलेली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि बोगद्यातूनच शेतांकडं जातं. ना मोट, ना मोटार.

हुकूम मात्र या मुलखाला कायम बाहेरून आले. देवगिरी, दौलताबाद, अहमदनगर, औरंगाबाद, हैदराबाद. 1948च्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपला, 1956 साली मुंबई राज्य आलं, 1960 साली महाराष्ट्र. चौसाळ्याच्या वाट्याला एक विधानसभा मतदारसंघ आला होता, तोही 2008च्या पुनर्रचनेत गेला.

राजधानी नसली तरी वाट होती, आणि वाटेवर कोण काय टाकून जाईल सांगता येत नाही. मुहम्मद तुघलक वरंगळच्या स्वारीवरून दौलताबादेला परतत होता. बीडजवळ त्याचा दात पडला. फेरिश्ता सांगतो, सुलतानानं तो समारंभानं पुरला आणि वर घुमट बांधला. करजणीजवळच्या टेकडीवर ती दाताची कबर आजही दाखवतात. ज्यानं दिल्ली उठवून दख्खनेत आणली, त्याचं या भागातलं स्मारक एका दाताचं! याच सुलतानाच्या पदरी इब्न बतूता काझी होता, उत्तर आफ्रिकेतल्या तांजियरचा. पुढं तो दौलताबादेला आला, तिथून नंदुरबारकडं गेला. चार मुक्काम अलीकडं वळला असता तर दाताची हकीकत त्यानं मीठमसाला लावून लिहिली असती.

आता तीच वाट चौपदरी आहे. येडशी ते औरंगाबाद रस्ता रुंद झाला आणि गाड्या थांबेनाशा झाल्या. ऑक्टोबरात मात्र थांबतात, सीताफळांसाठी. खडकाळ, मुरमाड उतारावर हे झाड फारशा लाडाशिवाय येतं; बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. चौसाळ्याच्या अलीकडं रस्त्याकडेला एक बाई पाट्या मांडून बसली होती. फळांचे डोळे बघून ती हात न लावता वाटणी करत होती : डोळे पांढुरके होऊन उघडलेली आजची, जरा मिटलेली उद्याची, हिरवीगार लांबच्या गिऱ्हाइकाची. मी एक दाबून बघायला गेलो तर म्हणाली, "दाबू नका दादा, काळं पडतंय. कवा खायचं ते सांगा, मी देते."

सोलापूरला जायचंय म्हटल्यावर तिनं मधल्या पाटीतली डझनभर काढून दिली. मागं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्यात गोधड्या, पत्र्याची पेटी, भांड्यांचं पोतं, बाजूला खोचलेले कोयते. दसरा होऊन गेला होता. मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडं निघायचे दिवस. उरलेल्या मालाचं काय करणार, असं विचारलं.

"उद्यापासून सासू बसंल," ती पैसे मोजत म्हणाली. "आमची गाडी राच्चीला हाय."