फळाचे डोळे उघडले की मग!

चिखलदऱ्याची ट्रिप केली नाही असा वऱ्हाडी माणूस शोधून दाखवा! परतवाडा ओलांडलं की घाट, मग देवी पॉइंट, भीमकुंड, धुक्यात भाजलेलं कणीस, गरम कॉफी आणि रात्री उशिरा घरी. मी अकोल्याची. शाळेपासून हेच करत आले. रस्त्याकडेला चालणारी कोरकू माणसं आमच्यासाठी खिडकीबाहेरचं दृश्य होती, बस्स.

एक पाप आधीच सांगून टाकते. मास कॉमची डिग्री हातात आली आणि पहिल्या वर्षी मी मेळघाटच्या बाजूच्या एका रिसॉर्टचं ब्रोशर लिहिलं. 'निसर्गाची निष्पाप लेकरं', 'शेकोटीभोवती आदिवासी नृत्य' वगैरे. कव्हरवर बाजारात भेटलेल्या एका कोरकू आजींचा फोटो होता, मीच काढलेला. कपाळावरचं गोंदण छान आलं होतं. आजींना विचारलं नव्हतं. मला मानधन मिळालं, त्यांना काहीच नाही. तेव्हा यात काही चुकतंय हे डोक्यातही आलं नाही, आणि मला आज तेच जास्त खुपतं.

मागच्या ऑक्टोबरात परत गेले ती एका मित्राबरोबर. हा पुण्यातल्या एका कंपनीत कॉर्पोरेट गिफ्टिंग बघतो. सुकामेव्याच्या डब्यांना सगळे कंटाळलेत, म्हणून यंदा दिवाळीला स्टाफला मेळघाटातल्या सीताफळांच्या पेट्या द्यायच्या, अशी त्याची भन्नाट आयडिया. पाचशे पेट्या, वर कंपनीचा लोगो, वसुबारसेच्या आत डिलिव्हरी. लॅपटॉपमध्ये प्रेझेंटेशनसुद्धा तयार!

परतवाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथले एक काका आम्हाला झाडांपाशी घेऊन गेले. प्रेझेंटेशन राहिलं बॅगेत. त्यांनी एक फळ हातात धरलं आणि म्हणाले, "डोये उघडले नाही अजून. आता तोडले त काये पडतीन, पिकनार नाही."

सीताफळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळट दिसायला लागल्या, की त्याला डोळे उघडणं म्हणतात. त्यानंतर तोडलं तर दोन-चार दिवसांत पिकतं. आधी तोडलं तर फळ दगड होऊन बसतं. सगळ्या झाडांचे डोळे एकाच दिवशी उघडत नाहीत, आणि ते आपल्या एचआरचं कॅलेंडर तर अजिबात बघत नाहीत. मित्राने संध्याकाळपर्यंत कन्फर्मेशन मागितलं. काका शांतपणे म्हणाले, "चार दिवसांनी सभा हाये. तिथं विचारू."

चार दिवस! मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

'विचारू' म्हणायची ही ताकद आली कुठून? उत्तर कागदात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे मध, मोह, तेंदूपत्ता, बांबू, रानातली फळं, गोळा करायचा आणि विकायचा हक्क गावाला दिला. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला 2012 मध्ये 192 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने ते उजाड रान राखलं, झाडं वाढवली. मग तिथली सीताफळं 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने थेट मुंबईत विकली गेली. 2014 मध्ये गावाला यूएनडीपीचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट याच्याही आधीची. 27 एप्रिल 2011 ला तिथल्या ग्रामसभेच्या हातात बांबूचं वाहतूक-परवाना पुस्तक आलं. तोवर त्या भागातला बांबू वर्षानुवर्षं सरकारी कराराने कागद कारखान्याकडे जायचा आणि गावकऱ्यांच्या वाट्याला तोडणीची मजुरी यायची. पुस्तक हातात आल्यावर व्यापाऱ्याला गावाशी बोलावं लागलं.

फरक एवढाच, पण केवढा! मजुराशी तुम्ही रेट ठरवता, मालकाशी मात्र बोलणी करता. आपल्या कंपन्यांना पहिलं चांगलं जमतं.

हक्काखेरीज सवयही लागते, आणि ती जायला वेळ लागतो. धारणीजवळ लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी नव्वदच्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र सुरू केलं. तिथल्या बांबूच्या राख्या शहरांत पोचल्या त्या तिथे राहून केलेल्या कित्येक वर्षांच्या कामामुळे. आपण मात्र एका क्वार्टरमध्ये 'पार्टनरशिप' करून मोकळे व्हायला बघतो. मेळघाट म्हटलं की आपल्याला कुपोषण नाहीतर वाघ आठवतो. म्हणजे दया तरी येते, नाहीतर सफारी तरी बुक होते. व्यवहार करावा असं समोर कुणी आहे, हे सुचतच नाही.

सभेच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. मित्राला वाटलं होतं भावावरून घासाघीस होईल. भाव पाच मिनिटांत ठरला. अडलं ते पेमेंटवर. "साठ दिवसांनी, कंपनी पॉलिसी आहे," मित्र म्हणाला. मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "तोडनाऱ्याले त संध्याकायीच पैसे लागते नं भाऊ." सगळे हसले. मित्र हसला नाही. बाहेर जाऊन त्याने बॉसला फोन लावला. रेंज मिळेपर्यंत अर्धा तास गेला, बॉसला पटेपर्यंत आणखी एक.

शेवटी ठरलं ते असं: अर्धे पैसे आगाऊ, बाकीचे पेट्या उचलताना. पाचशे नाही, दोनशेच पेट्या. त्यातल्या निम्म्या दिवाळीनंतर. लोगोच्या शेजारी गावाचं नाव, तेही गावाने सांगितलं तसंच. पुण्यात काही जणांना भाऊबीज उलटल्यावर गिफ्ट मिळालं आणि ते वैतागले म्हणे. फळं मात्र एक नंबर होती. मी स्वतः चार खाल्ली, बिया थुंकत, मॅनर्स विसरून.

निघताना मी कॅमेरा काढला. पेमेंटचं बोलणाऱ्या बाई समोर टोपली घेऊन बसल्या होत्या, ऊन छान तिरकं पडलं होतं. या वेळी विचारलं.

"कायले पायजे?" त्यांनी विचारलं.

मासिकात छापायला, मी सांगितलं. कोण वाचतं, किती लोक बघतील, हेही त्यांनी विचारून घेतलं. थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "माहा नोको. टोपलीचा काढ."

सोबतचा फोटो टोपलीचा आहे.