एका शिंगाचा बैल

आमच्या वर्गातल्या कपाटात, खडूच्या खोक्यामागे एक बैल उभा आहे. उंचीने चार बोटे. वशिंड अगदी हुबेहूब, मान किंचित वळलेली आणि शिंग मात्र एकच. २०१४ पासून तो तिथे आहे. बनवला आमच्या एका विद्यार्थ्याने. दुसरे शिंग राहिले ते आमच्यामुळे. ही गोष्ट आम्ही आजवर कुणाला सांगितली नाही. आता सांगावी असे वाटते.

आम्ही कसबा बावड्याचे. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला मातीचे नवल नसते. उसाच्या रानातली काळी माती पावसाळाभर पायाला चिकटूनच घरात येते. बेंदूर आला की कुंभाराकडचे मातीचे बैल घरोघर जातात. आमच्या मोहल्ल्यातली पोरेही लहानपणी नदीकाठच्या चिखलाचे बैल करायची. ते उन्हात ठेवले की दुसऱ्या दिवशी पोटावर भेगा आणि पाय मोडलेले. मातीतले पाणी उडून जाते, माती आकसते आणि तडकते, हे शास्त्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

न तडकणारी माती आम्ही प्रथम पाहिली ती घरातच. अब्बांच्या वजूच्या बधन्याची तोटी मुळाशी गळू लागली होती. बधना जुना, अल्युमिनियमचा. नवा आणू म्हटले तर अम्मी ऐकेनात. अब्बा जाऊन वर्ष झाले होते. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून एम-सीलची पुडी आणली. दोन तुकडे, दोन रंगांचे. दोन्ही नरम, नुसते ठेवले तर नरमच राहणारे. सारखे सारखे घेऊन मळायचे, रंगाची एकही रेघ दिसेनाशी झाली की लावायचे. तासाभरात ते घट्ट झाले आणि दुसऱ्या दिवशी दगड. अम्मी आजही त्याच बधन्याने वजू करतात.

यात पाणी उडून जाण्याचा प्रकारच नाही. एका भागात इपॉक्सी नावाची राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारे रसायन. दोघांची गाठ पडली की त्यांचे कण एकमेकांत गुंततात, थोडी उष्णता निघते आणि सगळ्याची मिळून एक जाळी होते. म्हणून ते आकसत नाही, ओलाव्यातही धरते आणि एकदा धरले की पुन्हा मऊ करता येत नाही. या राळेवर स्वित्झर्लंडमध्ये पियेर कास्तां याने १९३० च्या दशकात काम केले ते दातांच्या कवळीसाठी. पुढे १९४६ मध्ये तिथल्याच सिबा कंपनीने तिचा डिंक अराल्डाइट या नावाने बाजारात आणला. आपल्याकडे म्युरलच्या क्लासला जाणाऱ्या बायका ‘शिल्पकार’ नावाची जी माती वापरतात, तीही याच जातीची, दोन भागांची.

तीच माती आम्ही कार्यानुभवाच्या तासाला वर्गात नेली. बी.एड. करून उर्दू शाळेत नुकतेच लागलो होतो. शिक्षणसेवकाची तीन वर्षे अजून पुरी व्हायची होती. आठवीचा वर्ग. मुलांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, कारण न मळलेले रसायन कातडीला बरे नसते. खाज सुटते, पुरळ येते. सांगितले की वीस-पंचवीस मिनिटे मिळतील, तेवढ्यात काय करायचे ते करा, मग हिला तुमचे ऐकू येणार नाही. मुले हसली.

बहुतेकांनी वाट्या केल्या, फुले केली. मागच्या बाकावरचा एक मुलगा गप्प बसून काहीतरी करत होता. गणितात कच्चा, इमल्यात त्याहून कच्चा. वडील ट्रकवर. आम्ही जवळ गेलो तर त्याच्या हातात बैल होता. खेळण्यातला नव्हे, औताला जुंपलेला, दमलेला बैल. आम्ही पाहतच राहिलो. तो म्हणाला, “सर, ये फटेगा नहीं ना?”

तेवढ्यात दारात एक पालक उभे राहिले. दुसऱ्याच मुलाच्या फीच्या कामाने आले होते. सज्जन माणूस, मशिदीत पहिल्या सफमध्ये उभा राहणारा. त्यांनी बाकावर नजर टाकली आणि आवाज न चढवता म्हणाले, “सर, मुलांना आम्ही तालीम घ्यायला पाठवतो. बुत बनवायला नव्हे.”

आमच्या मनात काय काय आले! कमिटीकडे तक्रार जाईल, तीन वर्षे पुरी होण्याआधीच नाव खराब होईल. आम्ही त्यांना काहीच म्हणालो नाही. वळून मुलाला म्हणालो, “बस्स. ठेव ते. बंद कर.” तो म्हणाला, “सर, एक सींग बाकी है.” आम्ही म्हणालो, “ठेव म्हटले ना.” त्याने ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. पालक गेले, तास संपला. बैल कपाटात ठेवताना हाताला टणक लागला.

त्यानंतर त्या मुलाने वर्गात काही बनवले नाही. दहावीत नापास झाला आणि शाळा सुटली.

सहीह बुखारीतली एक रिवायत आम्ही फार उशिरा वाचली. वाचायला हवी होती तेव्हा वाचली नव्हती. तस्वीर करून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे येतो. हे माझ्या हातचे काम आहे, यावरच माझी रोजी आहे, म्हणतो. ते त्याला रसूलुल्लाह (स.) यांनी दिलेला इशारा सांगतात. माणूस घाबरतो, चेहरा पिवळा पडतो. तेव्हा इब्ने अब्बास त्याला मोकळ्या हाताने परत पाठवत नाहीत. करायचेच असेल तर झाडे कर, ज्यात जीव नाही अशा वस्तू कर, म्हणतात. लहान मुलांच्या खेळण्यांबद्दल तर हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची रिवायत सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या वादात पडण्याची आमची योग्यता नाही. त्या पालकांचेही काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना जे माहीत होते ते ते बोलले. चुकलो आम्ही. त्या हातांना झाड दाखवता आले असते, गुंबद दाखवता आला असता, खिडकीची जाळी दाखवता आली असती. आम्ही फक्त ‘बंद कर’ म्हणालो आणि तेही दीनच्या काळजीने नव्हे, नोकरीच्या भीतीने.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. उपसा केंद्रे बुडाली आणि शहराचे नळ बंद पडले. सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला टँकरची वाट. मोहल्ल्यातली लोखंडी टाकी तळाशी गंजून गळत होती. टँकर यायच्या आत ती बुजवायची होती. तेव्हा एक तरुण पुढे झाला. आम्ही ओळखले नाही, त्याने ओळखले. “सर, सलाम.”

त्याने गंज पॉलिश पेपरने घासला, फडक्याने पुसला, पुडी मळली, भोकावर बाहेरून दाबून बसवली आणि कडा अंगठ्याने अशा काही ओढून घेतल्या की जोड दिसेना. कुणीतरी आपली प्लॅस्टिकची टाकी दाखवली. तो म्हणाला, “त्याला हे धरत नाही चाचा. पैसे वाया जातील.” प्यायच्या पाण्याला आतून लावायचे नाही, हेही त्यानेच बजावले.

काय करतोस, विचारले. उद्यमनगरात एका मिस्त्रीकडे पॅटर्न बनवायला शिकत होता. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत जे कास्टिंग ओततात, त्याचा आधी लाकडी नमुना करतात. तो वाळूत दाबून साचा घेतात. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा एक या हिशेबाने आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा. झिजलेले कोपरे याच इपॉक्सीने भरून घासायचे. गणितात कच्चा असलेला आमचा विद्यार्थी आम्हाला हिशेब समजावत होता. म्हणाला, “सर, पॅटर्नमध्ये चूक राहिली की प्रत्येक कास्टिंगमध्ये तीच चूक येते.” तो फक्त लाकडाबद्दल बोलत होता. आम्हाला मान वर करवेना.

पाणी ओसरल्यावर तो एकदा शाळेत आला. आम्ही बैल काढून त्याच्यापुढे ठेवला आणि जे सांगायचे होते ते सांगितले, माफीसुद्धा मागितली. त्याने बैल हातात फिरवून पाहिला. हसला. “सर, आता असला नाही जमणार मला,” म्हणाला. आम्ही विचारले, शिंग जोडता येईल का? त्याने मोडल्यासारख्या जागेवरून नख फिरवले. “जुन्यावर नवे बसते सर. पण आधी खरवडावे लागते. नाहीतर पडते.” मग घड्याळ पाहून म्हणाला, पाळी आहे, जातो. बैल त्याने नेला नाही.

आम्ही अजूनही तो तास घेतो. मुले जाळ्या करतात, झाडे करतात, घरातल्या गळक्या बादल्यांचे कान जोडून नेतात. एखादे पालक काही विचारायला आले तर आम्ही त्यांना खुर्ची देतो, चहा सांगतो आणि म्हणतो, वीस मिनिटे बसा, मुलांचे काम होऊ द्या, मग आपण बोलू.