भरलेल्या विमानाचा हिशेब

भिंगारमधलं माझं गुंतवणूक सल्ल्याचं ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. येणाऱ्यांत निम्मे फौजी पेन्शनर. आर्मर्ड कोअर सेंटर किंवा मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीच्या सेंटरमधून, म्हणजे एमआयआरसीतून निवृत्त झाले आणि इथेच घर बांधून राहिले, असे. यांच्या फायली नीट लावलेल्या असतात आणि प्रश्न सरळ असतो. गेल्या उन्हाळ्यात असेच एक सुभेदारसाहेब आले. शिर्डीहून विमानाने हैदराबादला मुलीकडे जाऊन आले होते. पिशवीतून पासबुक काढत म्हणाले, "सर, जाताना एक सीट रिकामी नव्हती, येतानाही नव्हती. मग यांचे शेअर घ्यायला काय हरकत आहे?"

चहा संपेपर्यंत मला त्यांना पुरतं समजावता आलं नाही. ते राहिलेलं आज लिहितोय.

नगर-भिंगार शेअर रिक्षा आठवा. शेवटचं गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय रिक्षावाला हलत नाही. विमानाला ही सोय नाही. दरवाजा बंद झाला की रिकामी सीट कायमची गेली, ती उद्या विकता येत नाही. म्हणून रिकाम्या राहतील अशा सीटा मिळेल त्या भावाला काढाव्या लागतात आणि शेजारच्या कंपनीने भाडं उतरवलं की आपणही उतरवावं लागतं. विमान भरतं ते असं. नगरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या साऱ्या गोण्या दुपारपर्यंत उचलल्या गेल्या, एवढ्यावरून शेतकऱ्याला नफा झाला असं आपल्याकडे कुणी म्हणतं का? भाव विचारतो आपण. विमानाच्या बाबतीत मात्र शिकलेसवरलेले लोकही गोण्या मोजतात.

खर्चाची बाजू आणखी अवघड. सर्वांत मोठा घास इंधनाचा. आपल्याकडे विमानाचं इंधन अजून जीएसटीत आलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ वर आणला, तेव्हा कंपन्यांना जरा हायसं वाटलं. विमानाचं भाडं, सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती हे सगळं डॉलरमध्ये. तिकीट मात्र रुपयात विकायचं. रुपया घसरला की काहीही चूक न करता खर्च वाढतो. विमान उडो की उभं राहो, ते भाड्याने देणाऱ्याचा हप्ता चुकत नाही.

हे सारं वजा जाता उरतं किती? आयाटा या जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेचा २०२५ चा अंदाज होता, प्रवाशामागे सुमारे ७ डॉलर निव्वळ नफा. म्हणजे ६०० रुपयांच्या आतबाहेर. विमानतळावर दोघांनी कॉफी घेतली तर तेवढे सहज जातात, आणि कॉफीवाल्याला त्यात बहुधा जास्त सुटत असावेत.

आता दोन शेअरांची गोष्ट. जेट एअरवेजचा शेअर २००५ च्या फेब्रुवारीत ११०० रुपयांना विक्रीला आला. तेव्हा माणसं अर्ज भरायला रांगेत उभी होती. १७ एप्रिल २०१९ ला कंपनीची उड्डाणं थांबली, जूनमध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं. कंपनी पुन्हा उडवण्याची योजना मंजूर झाली, पण प्रत्यक्षात काही उडालं नाही. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. दुसरा शेअर इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोब एव्हिएशनचा. २०१५ च्या ऑक्टोबरात भाव ७६५ रुपये. तोच २०२५ मध्ये ५००० च्या वर गेला. एकाच आकाशात, तोच डॉलर आणि तेच इंधन घेऊन दोघी उडत होत्या.

दुसरी गोष्ट ऐकून डोळे चमकतात, म्हणून तिचा मधला भाग सांगतो. मार्च २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर आली, तेव्हा इंडिगोचा भाव १००० च्याही खाली होता. साडेचार वर्षं धरून ठेवणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच नव्हतं. पुढच्या दोन आर्थिक वर्षांत कंपनीचा तोटा झाला जवळपास १२ हजार कोटी. नंतर २०२३-२४ मध्ये ८१७२ कोटींचा नफा आला, त्याच्या पुढच्या वर्षी ७२५८ कोटींचा. बारा हजार कोटींचा खड्डा पाहूनही कागद न विकणारे किती निघाले असतील? माझ्या गिऱ्हाइकांत दोघं. त्यातला एक डीमॅटचा पासवर्ड विसरला होता.

इंडिगो टिकली ती का, हे मात्र शिकण्यासारखं आहे. एका जातीची विमानं शेकड्याने मागवायची, घाऊक सूट मिळवायची, ती विमानं भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायची आणि तिच्याचकडून भाड्याने घेऊन उडवायची. पैसा अडकत नाही, विमानंही जुनी होत नाहीत. शिवाय गाठीला रोकड ठेवायची. प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं बिघडली तेव्हा वाडिया समूहाची गो फर्स्ट आणि इंडिगो, दोघींची विमानं उभी राहिली. गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला. इंडिगोने तेच दुखणं अंगावर काढलं. म्हणून मी ताळेबंद उघडला की आधी रोकड पाहतो, मग भाड्याच्या विमानांची देणी. नफा सगळ्यात शेवटी.

फौजी मंडळींना आवडणारं एक नाव इथे घ्यायला हवं, कॅप्टन गोपीनाथ. लष्करातून बाहेर पडलेल्या या माणसाने २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली आणि एसटीने जाणाऱ्याला विमानात बसवलं. देशाचं भलं झालं. शेअरधारकांचं? २००६ मध्ये शेअर बाजारात आलेली ती कंपनी पुढे विजय मल्ल्यांच्या किंगफिशरमध्ये मिसळली आणि किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे आणि आपलं नगर यांच्या दरम्यानच धावली होती. तिचा तोटा सरकारने सोसला. विमान कंपनीचा तोटा तुमच्या-माझ्या नावावर पडतो.

कंपनी बुडाली की पैसे कुणाला मिळायचे, याचा क्रम दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये लिहिलेला आहे. प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारण घेतलेल्या बँका, विनातारण कर्ज देणारे, सरकारी थकबाकी, उरलेली देणी, आणि सगळ्यांच्या मागे साधा शेअरधारक. विमान कंपनीत अडचण अशी, की विमानंच बहुतेकदा भाड्याची, तेव्हा विकायला काही उरतच नाही. ती मालकांना चटकन परत मिळावीत म्हणून संसदेने २०२५ मध्ये वेगळा कायदाही केला. धंद्याला तो गरजेचाच होता, पण रांगेतला आपला नंबर त्याने आणखी मागे गेला. आणि तरीही बंद पडलेल्या कंपनीचे सौदे बाजारात चालू राहतात. जेटचं एकही विमान उडत नसताना लोक तिचा शेअर 'स्वस्त पडला' म्हणून घेत होते.

त्यांना हसायचा अधिकार मला नाही. एका विमान कंपनीचे १०० शेअर मीही घेतले होते. नाव लिहीत नाही. तिच्या विमानात गरम जेवण फार छान मिळायचं, एवढा माझा अभ्यास. भाव निम्मा झाला तेव्हा सरासरी खाली आणायला आणखी ५० घेतले.

सुभेदारसाहेबांना ताळेबंदापेक्षा एक गोष्ट लवकर पटली. मे २०२५ मध्ये सीमेवर धुमश्चक्री झाली तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद होते. पाकिस्तानचं आकाश बंद झाल्याने इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणं थांबवावी लागली. "म्हणजे आमची ड्यूटी लागली की यांचा धंदा बसतो," ते म्हणाले. अगदी तसंच.

माझा सल्ला त्यांना होता तोच वाचकांना. पेन्शन विकून आलेल्या पैशाला, मुलीच्या लग्नाच्या ठेवीला इथे जागा नाही. बाकीच्यातले शंभराला पाच रुपये, तेही सगळे गेले तरी झोप उडणार नाही अशाने, आणि सगळीकडे हाहाकार असताना, विमानं भरलेली दिसतात तेव्हा नव्हे. कंपनीकडे वर्षभर तग धरण्याइतकी रोकड नसेल तर तेही नको.

साहेबांनी शेअर घेतले नाहीत. माझे १५० अजून डीमॅट खात्यात आहेत. विकता येत नाहीत, काढूनही टाकता येत नाहीत. स्टेटमेंट येतं तेव्हा त्यांच्यापुढच्या रकान्यात शून्य असतं.