मुकी मुखपृष्ठे

दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर वर्गात तास तास बोलणाऱ्या आम्हा दोघी मराठीच्या प्राध्यापिकांकडे मागे एक माजी विद्यार्थी आला. वाशीतले घरचे पुस्तकांचे दुकान त्याला आंतरजालावर न्यायचे होते. संकेतस्थळ कसे दिसावे, असे त्याने आम्हांला विचारले. विचारायला नको होते, असे आता वाटते. ग्रंथांचे दुकान म्हणजे वाण्याची यादी नव्हे, हा आमचा आग्रह. पुस्तकाचे नाव चित्रकाराने ज्या वळणात रेखाटले त्याच वळणात दिसावे, खाली टंकलेली अक्षरे देऊन त्याची शोभा घालवू नये. मुखपृष्ठे पडद्यावर संथ सरकत राहावीत. त्याने सारे ऐकले. दुकान देखणे झाले. (लोकल खाडीपुलावर असताना ते अर्धेच उमटे, याकडे आम्ही काणाडोळा केला.)

नेरूळला आमच्या बाई राहतात. एम.ए.ला त्यांनीच आम्हांला शिकवले. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली. फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, त्यावर त्यांचे चालते. नातीला लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' द्यावे म्हणून त्या या दुकानात शिरल्या आणि थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, "अगं, तुमच्या दुकानात सगळ्या पुस्तकांचं नाव 'चित्र'च आहे का?"

नातीने क्षणात पुस्तक मागवले असते. पण भेट तिच्यासाठी होती, आणि निवड दुसऱ्यावर सोपवणे हा बाईंचा स्वभाव नव्हे.

आमची शरम निराळीच होती. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी किंवा शिवाजीसारखा टंक वाचकाच्या संगणकावर नसला, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. त्यामुळे शीर्षके चित्ररूपाने चिकटवणे ही त्या काळची नाइलाजाची युक्ती होती. र. कृ. जोशींच्या 'मंगल'सारखे टंक आले आणि ती गरज संपली. आम्ही तीच जुनी अडचण सौंदर्यदृष्टी म्हणून परत आणली होती! लंडनच्या 'बू डॉट कॉम'ने 1999 च्या अखेरीस फिरते कपडे आणि बोलकी 'मिस बू' घेऊन असेच देखणे दुकान थाटले होते. दूरध्वनीच्या संथ तारेवर अनेकांना त्याचे दारच उघडेना. मे 2000 मध्ये ते बंद पडले. त्याला इतरही कारणे होती, उधळपट्टी त्यांतले मोठे. असो.

विद्यार्थ्याने प्रत्येक चित्राखाली नाव टंकून घेतले. बाईंनी पुन्हा शोधले. पुस्तक नाही! दुकानातल्या मुलाने 'स्मृतीचित्रे' असे टंकले होते; बाईंनी नियमाप्रमाणे ह्रस्व 'ति' लिहिला. यंत्राला 'ति' आणि 'ती' ही दोन निराळी अक्षरे. शुद्ध लिहिणाऱ्यालाच रिकाम्या हाताने परत पाठवणारे दुकान! मग उत्तरपत्रिकांत ह्रस्व-दीर्घाचे गुण कापण्यात उभी हयात घालवलेल्या आम्हीच त्याला सांगितले, की शोधाच्या खिडकीत चुकीचे लिहिले तरी पुस्तक सापडले पाहिजे.

सरकती पट्टी गेली. मुखपृष्ठ आता पुस्तकाच्या नावावर टिचकी मारल्यावर मोठे होऊन दिसते. आमच्यापैकी एकीला हे अजून पटलेले नाही. पहिल्या पानावर निदान एक तरी चित्र हलते हवे, असे ती स्टाफरूममध्ये अधूनमधून म्हणतेच.

पुस्तक पोचल्यावर बाईंचा पुन्हा फोन. "मुखपृष्ठ कसं आहे गं? नात म्हणते, बरं आहे. बरं म्हणजे काय?" आम्ही सांगू लागलो तर पंधरा मिनिटे गेली. चित्रामागे त्याचे वर्णन लिहून ठेवता येते आणि फोन तेही वाचतो, हे विद्यार्थ्याकडून तेव्हा कळले. आता दर शनिवारी आम्ही दोघी ती वर्णने लिहीत बसतो. दोन ओळींची मर्यादा त्याने घातली आहे. साठेक मुखपृष्ठे झाली. दलालांपाशी अडलो आहोत.