दिघोरी ते मुक्तागिरी : काळ्या पाषाणाची वाट

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार पाहून पाळी घातल्या, पावसाचे पाणी अडवले आणि त्या मालगुजारी तलावांवर धानाच्या बांध्या पोसल्या. लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे याच धानपट्ट्यातील गाव. येथून निघालेल्या कुटुंबाला विदर्भाच्या पश्चिम टोकाला असे एक सरोवर भेटते, ज्याच्या पाण्यावर कोणतेही पीक येत नाही आणि ज्यात मासा जगत नाही. ते लोणार होय. तेथून शिरपूर, कारंजा आणि सातपुड्याच्या कुशीतील मुक्तागिरी अशी वाट धरली, तर निसर्गदर्शन आणि तीर्थवंदना एकाच प्रवासात साधते.

या प्रवासासाठी अलीकडे मोटारहोमचा, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या गाडीचा, विचार होऊ लागला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. जैन कुटुंबाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. शिधा, भांडी आणि गाळणे बरोबर घेऊन यात्रेला निघणे ही आपली जुनी रीत. मोटारहोममुळे तो चौका चाकांवर आला, एवढेच. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो. अशा वेळी चौविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी भोजनालय शोधत धावपळ करावी लागत नाही, हा मोठा लाभ. मात्र घरच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये परस्पर फेरबदल करू नयेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलांना परिवहन कार्यालयाची संमती लागते आणि विनासंमती बदल विम्याच्या दाव्यात अडचण ठरू शकतात. रीतसर नोंदलेली गाडी भाड्याने घेणे अधिक श्रेयस्कर.

पाण्याची टाकी भरताना एक गोष्ट विसरू नये. पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेली जीवाणी ज्या जलाशयाची, त्याच जलाशयात परत गेली पाहिजे. दिघोरीच्या विहिरीचे पाणी लोणारला जाऊन गाळले, तर ती जीवाणी सोडणार कोठे? म्हणून गाळणे विहिरीच्या काठावरच व्हावे. या जुन्या नियमामागील दृष्टी लोणारच्या काठावर विशेष उमगते.

भंडाऱ्याहून नागपूर गाठले की भूमीचे रूप पालटते. नागपूरची सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून जे दख्खनचे पठार घडले, त्याची पूर्वेकडील कड येथे लागते. पुढे समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत जाता येते. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मेहकरहून लोणार जवळ आहे.

काळ्या खडकातील हे वर्तुळाकार विवर ज्वालामुखीचे मुख असावे, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे विवर उल्कापाताने झाल्याचे दाखवून दिले. प्रचंड आघातानेच निर्माण होणारी काच येथील खडकांत सापडली होती. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूची कथा या स्थानाशी निगडित असून गावातील दैत्यसूदन मंदिर त्याच नावाने उभे आहे. व्यापारी कुटुंबांना आणखी एक माहिती रोचक वाटेल. या पाण्यातून मिळणाऱ्या क्षारांच्या दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा प्रती ठरलेल्या होत्या आणि साबण, बांगड्या व रंगाईच्या कामासाठी त्यांना मागणी असे.

या पाण्यात मासा नाही, पण जीव आहेत. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असे संशोधकांनी सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. काठाच्या धारेचे पाणी गोड आणि सरोवराचे तीव्र खारे. या तोलावर तेथील सृष्टी टिकून आहे. शहराचे सांडपाणी सरोवरात जाऊ नये यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकाही झाली. मोटारहोम घेऊन जाणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. गाडीतील भांडी धुतलेले, साबणाचे पाणी विवराच्या उतारावर सोडणे म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य एकेंद्रिय जीवांची हिंसा होय. सांडपाण्याची टाकी बंद ठेवावी आणि योग्य ठिकाणीच रिती करावी.

लोणारच्या पूर्वेस वाशिम जिल्ह्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थ आहे. श्यामवर्ण प्रतिमा भूमीपासून किंचित अधांतरी आहे, अशी दोन्ही संप्रदायांची श्रद्धा. याच तीर्थाच्या अधिकारावरून श्वेतांबर व दिगंबर बांधवांत वाद झाला. तो १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि स्वातंत्र्यानंतरही शमला नाही. १९८१ पासून चार दशके मंदिराला कुलूप राहिले. भाविक दरवाजातील लहानशा झरोक्यातून दर्शन घेत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडले, तरी तणावाचे प्रसंग टळले नाहीत. येथे कोणाचे बरोबर, याचा निवाडा यात्रेकरूने करू नये. ज्या वर्षांत दार बंद होते, त्या वर्षांत एक पूर्ण पिढी गाभाऱ्यातील दर्शनाला मुकली, एवढे मुलांना अवश्य सांगावे. अपरिग्रह हा केवळ धनधान्याचा नसतो.

पुढचा मुक्काम कारंजा. भट्टारकांची पीठे आणि हस्तलिखितांचे भांडार यांसाठी हे नगर विख्यात आहे. येथील भांडारांतील पोथ्यांवरून अपभ्रंश भाषेतील अनेक ग्रंथ विसाव्या शतकात संपादित होऊन प्रकाशात आले. ते ग्रंथ आज अभ्यासकांच्या हाती आहेत, कारण व्यापारात गुंतलेल्या पिढ्यांनीही या पोथ्या जपल्या.

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना गाविलगडाचे डोंगर समोर येतात. तेही त्याच काळ्या पाषाणाचे. पायथ्याच्या घळीत, मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात, मुक्तागिरी सिद्धक्षेत्र आहे. येथून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेले, अशी परंपरा सांगते. ध्यानस्थ मुनींसमोर कोसळलेल्या मेंढ्याच्या कानी णमोकार मंत्र पडला आणि त्याला देवगती मिळाली. म्हणून याला मेंढागिरी असेही म्हणतात. धबधब्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या ५२ मंदिरांची वंदना पायऱ्या चढूनच करावी लागते. चाकांवरचे घर, शिधा, गाद्या, सारे खाली राहते.

वेळ असल्यास तेथून चिखलदऱ्याला जावे. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या या पठाराजवळचा गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने जिंकला. घाटातील वळणांवर उंच गाडी सावकाश न्यावी आणि मेळघाटच्या अरण्यात मुक्काम केवळ परवानगीच्या जागीच करावा.

चातुर्मासात प्रवास टाळून कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे. तोवर दिघोरीकडील धान कापणीला आलेले असते आणि जड धानाची मळणी व्हायची असते. बाजाराची गर्दी सुरू होण्याआधीचे चार-पाच दिवस दुकानाला सहज सोडता येतात. परतल्यावर टाकीतील उरलेले गाळलेले पाणी अंगणातील झाडांना घालावे आणि गाडीतील काय काय न वापरताच परत आले, याची एक यादी करावी. पुढच्या यात्रेला तेवढे ओझे कमी होईल.