नातीचं गणित आणि श्रीखंडाचा चक्का

मंडळी, आमच्या नातीच्या पीएच.डी.चा विषय घरात कोणालाच धड सांगता येत नाही. इंदूरला आमची ही पाचवी पिढी. फेलोशिप मार्चमध्ये संपतेय, प्रबंधाला अजून वर्ष लागेल. नातेवाइकांचे फोन सुरू: "भाऊ, तुम्ही बँकेत होतात, तिला समजवा. बँकेची परीक्षा दे म्हणावं, या पातळ-घट्टाच्या गणितात काय ठेवलंय?"

मी आधी तिच्याकडूनच समजून घेतलं. मी कॉमर्सवाला, चूकभूल द्यावी-घ्यावी.

पाणी न्यूटनच्या नियमाने वागतं. जोर दुप्पट, तर थरांच्या सरकण्याचा वेगही दुप्पट. श्रीखंडाचा चक्का तसा नाही. फेटला की सैल पडतो, ठेवून दिला की परत थोडा आवळतो. आधी आपल्याला काय झालं हे त्याच्या 'लक्षात' असतं. रक्त त्याच जातीचं, आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून ते कसं वाहतं हाच तिचा विषय.

आपण शिकलो ते डेरिव्हेटिव्ह एकदा घ्यायचं नाहीतर दोनदा. अर्ध्यांदा घेतलं तर? हा प्रश्न १६९५ सालच्या लायब्निट्झ आणि लोपिताल यांच्या पत्रव्यवहारातला आहे! अर्धं काढायचं तर सुरुवातीपासूनचा सगळा इतिहास हिशेबात धरावा लागतो; जुन्या नोंदींचं वजन कमी होत जातं, पण पुसलं जात नाही. हे मला चटकन पटलं. कर्ज देताना आजची शिल्लक पाहणारा अधिकारी वेगळा, आणि सगळं खातं उलटून पाहणारा वेगळा.

हे गणित वापरात आणणाऱ्यांत एक स्कॉट ब्लेअर, इंग्लंडात रेडिंगच्या दुग्धसंशोधन संस्थेतला. हाताने दाबून माणूस घट्टपणा कसा ओळखतो, याचा त्याने अभ्यास केला (आमच्या घरी हे खातं हिच्याकडे). १९४०च्या दशकात त्याने घन आणि द्रव यांच्या मधल्या पदार्थांना अपूर्णांक लावला: स्प्रिंगला शून्य, पाण्याला एक, चीजसारखे पदार्थ मध्ये कुठेतरी.

उष्णतेचंही तसंच. जाड भिंत रात्री किती धग सोडेल, हे ती दिवसभर किती तापली यावर ठरतं, आणि तिथे नेमकं अर्धं डेरिव्हेटिव्हच येतं. मे महिन्यात गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर नातेवाईक मंडळींनो, मी तिला समजावणार नाही. मार्चमध्येच माझी एक एफडी पिकतेय, ती वर्षभर तिच्या खर्चाला. आणि लग्नाचं नंतर बघू, असं हिने परस्पर दोन स्थळांना कळवूनही टाकलंय.